वहिनींचे तळपाय

वहिनींना झोपेत पायाला मुंग्या यायला लागल्या, तेव्हा आमच्या घरात प्रत्येकाकडे त्याचं एकेक कारण तयार होतं. दादा म्हणाला, ही एका कुशीवर पायावर पाय टाकून झोपते, रक्त फिरणार कसं? शेजारच्या बाई म्हणाल्या, वात आहे, वेखंड लावा. भार्गवी म्हणाली बी-ट्वेल्व्ह, कारण तिच्या मते शाकाहारी घरांतल्या निम्म्या तक्रारी बी-ट्वेल्व्हच्याच असतात. मी म्हणाले, जन्मभर वर्गात उभं राहून शिकवलं, आता पाय रजा मागतायत. मला वैद्यकातलं ओ की ठो कळत नाही, पण गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अनंतराव. नांदेडच्या कोर्टात नोकरी केली, आता निवृत्त. वहिनी म्हणजे त्याची बायको सौदामिनी, प्राथमिक शाळेतल्या बाई. भार्गवी त्यांची एकुलती एक मुलगी. ती लातूरला माझ्याकडे राहते आणि डॉक्टर व्हायला निघालेल्या पोरांना क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेली, लग्न न केलेली आणि सगळ्यांच्या मते फटकळ आत्या. वहिनी मला वन्सं म्हणतात. नणंद-भावजयीचं पटत नाही असं लोक म्हणतात. आमचं इतकं पटायचं की दादाला एकटं पडल्यासारखं व्हायचं.

वहिनींच्या पायाला भिंगरी होती. भाजी आणायला रिक्षा नाही, गोदावरीच्या घाटावर जायला रिक्षा नाही. शाळा सुटल्यावर गैरहजर पोरांच्या घरी चालत जाऊन त्यांना दुसऱ्या दिवशी वर्गात आणून बसवायच्या. निवृत्तीनंतरही कुणाची डिलिव्हरी, कुणाचं आजारपण, डबा घेऊन निघाल्याच. मी नांदेडला गेले की त्यांच्यामागून चालताना मला धाप लागायची. त्या वळून म्हणायच्या, "वन्सं, खुर्चीवर बसून हॅलो हॅलो केलं की असं होतं."

मुंग्यांची पुढे आग झाली. आधी अंगठे, मग बोटं, मग सगळे तळवे. दिवसा कामात काही वाटायचं नाही. अंथरुणाला पाठ टेकली की सुरू. पौषातल्या थंडीत आम्ही सगळे पांघरुणात गुरफटलेले आणि वहिनींचे पाय उघड्यावर, त्यांच्यावर ओला पंचा. तो पंचा सुकला की उठून पुन्हा भिजवायचा. कधी न्हाणीघरात जाऊन पायांवर पाणी ओतत बसायच्या. मी तिकडे राहायला गेले होते तेव्हा एकदा त्यांना तसं बसलेलं बघितलं. चाळीस वर्षांच्या नात्यात मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या रात्री त्या रडत होत्या, तोंडात पदर धरून, दादाची झोप मोडू नये म्हणून.

"काय सांगू वन्सं," त्या म्हणाल्या, "तव्यावर उभी करून राहिलंय कुणीतरी. उतरू पण देत नाही."

त्यांना साखर होती, बरीच वर्षं. गोळी चालू होती, म्हणजे आठवण झाली की चालू होती. कुळाचार, सवाष्णी, पुरण, हे सगळं त्या करायच्या आणि ताटातलं टाकून देणं त्यांना पाप वाटायचं. साखरेनं डोळे जातात, किडन्या जातात, एवढं आम्हाला ठाऊक होतं. पायांची भीती कुणी घातली नव्हती. भार्गवीला मात्र पुढे संशय आला. तिनं बी-ट्वेल्व्हचा हेका सोडला आणि लातूरला नसांच्या डॉक्टरांची वेळ घेतली. फाल्गुनात आईनं लातूरला यायचं, असं ठरलं.

मधल्या काळात वहिनींनी त्यांच्या पद्धतीनं दुसरीकडे वेळ घेतली. आमचं कुलदैवत माहूरची रेणुका. मी देवाधर्माच्या फार वाटेला जात नाही, पण देवीचा विषय निघाला की घरात मीही आवाज खाली करते. वहिनींनी एका शुक्रवारी देवघरासमोर पदर पसरला आणि म्हणाल्या, "आई, ही आग तेवढी थांबव. चैत्रात गावापासून अनवाणी तुझा गड चढेन." दादा पेपर वाचत होता. त्यानं चष्म्यावरून बघितलं आणि पुन्हा पेपरात मान घातली. आमच्याकडे नवस बोलताना मध्ये कुणी बोलत नाही.

आणि आग थांबली.

हळूहळू कमी होत गेली आणि फाल्गुन लागायच्या सुमारास पार थांबली. सकाळी मी चहा टाकत होते, तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं भार्गवीचं लग्न ठरलं.

"वन्सं, रात्रभर झोपले! पंचा लागला नाही, काही नाही. पाय आहेत का नाहीत हेच कळंना, इतके शांत."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. चहा उतू गेला तरी मी फोन सोडला नाही. भार्गवीनं माझ्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "आई, छानच झालं. पण वेळ घेतलीय तर दाखवून जा."

"काय दाखवू गं? कुठं दुखतं विचारलं तर काय सांगू? आधी नवस फेडते, मग ये म्हणशील तिथं येते."

भार्गवी थोडी कुरकुरली. पण तिच्या पोरांची परीक्षा तोंडावर आली होती, तिला स्वतःला जेवायची फुरसत नव्हती. आणि आईचा इतका आनंदी आवाज ऐकल्यावर कुठली मुलगी वाद घालत बसेल? तिनं दवाखान्यात फोन करून वेळ रद्द केली.

चैत्रात आम्ही तिघं माहूरला गेलो, दादा, वहिनी आणि मी. नांदेडहून पहाटे निघायचं ठरलं होतं, पण ओटीचं सामान, नैवेद्य, दादाचं दोनदा मागे फिरून कुलूप ओढून बघणं, यात उशीर झाला. वाटेत किनवटच्या अलीकडे गाडीचं चाक बसलं. माहूर गावात पोचलो तेव्हा उन्हानं डोळे उघडवत नव्हते. मी म्हणाले, "वहिनी, संध्याकाळी चढा. देवी कुठं जात नाही." त्या म्हणाल्या, "ती जात नाही, माझाच भरवसा न्हाई," आणि चपला काढून गाडीत ठेवल्या.

गावातून गडापर्यंत डांबरी रस्ता आहे. त्या दिवशी डांबर मऊ झालं होतं, माझ्या चपलेला चिकटत होतं. दादा छत्री धरून बाजूनं चालत होता आणि वहिनी डोक्यावर पदर घेऊन पुढे. त्यांचा पूर्वीचा वेग परत आला होता. मी दर वळणावर विचारायची, "भाजत नाही का हो?" त्या हसून मान हलवायच्या. "बिलकुल नाही. गार फरशीवर चालल्यासारखं वाटून राहिलंय. तुमची शपथ."

गडाच्या पायथ्याशी ओटीची दुकानं आहेत, प्रसादाचा विडा कुटण्याचा ठक ठक आवाज चालू असतो. तिथं सगळ्यांनाच पायताण काढावं लागतं. मी आणि दादानं चपला काढल्या आणि उन्हातल्या दगडी फरशीवर पाय ठेवला मात्र, आमचा नाच सुरू झाला. आमच्यासारखे बाकीचेही नाचत होते, लेकरं कडेवर घेतलेल्या बाया सावलीकडे पळत होत्या. त्या सगळ्या पळापळीत वहिनी मध्यभागी हात जोडून उभ्या होत्या. कळसाकडे बघत, ओठ हलत होते, चेहऱ्यावर एक आठी नाही.

आदिलाबादकडची एक बाई ते बघत होती. ती आली, "अम्मा," म्हणाली आणि वहिनींच्या पायांवर डोकं ठेवलं. तिचं बघून दुसरी आली. मग एक म्हातारा. बघता बघता पाच-सात जण रांगेत उभे राहिले. वहिनी संकोचून मागे सरत होत्या, "अहो, नका, मी साधी बाई आहे," म्हणत होत्या. आणि मग माझ्या दादानं, ज्यानं जन्मात बायकोला पाण्याचा तांब्या भरून दिला नाही, त्यानं छत्री माझ्या हातात दिली, वाकला आणि बायकोच्या पायांना हात लावून तो कपाळाला लावला.

"अहो! काय हे! लोकांत!" वहिनी म्हणाल्या. त्यांचा चेहरा नव्या नवरीसारखा लाल झाला. दादाच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि माझ्याही. वहिनींच्या आयुष्यातला तो सगळ्यात मानाचा दिवस होता, असं मला त्या वेळी वाटलं. इतक्या लोकांनी त्यांचे पाय धरले. पण पाया पडताना आपण पावलावर हात ठेवतो, तळवा कोणी बघत नाही.

दर्शन झालं, ओटी भरली, विडा खाल्ला. उतरताना वहिनी जरा फेंगड्या चालत होत्या. मी म्हणाले दमलात, त्या म्हणाल्या दमले. गाडीत बसल्या बसल्या त्यांना झोप लागली. दुसऱ्या दिवशी मी लातूरला परत आले आणि भार्गवीला सगळं रंगवून सांगितलं, आदिलाबादच्या बाईसकट. ती हसली. पण तिनं विचारलं, "आत्या, तुमचे दोघांचे पाय भाजले का गं?"

"भाजले म्हणजे? कालपासून टाचा टेकवता येईनात."

"आणि आईचे?"

"अगं तेच तर सांगतेय."

तिनं वहिनींना फोन लावला. पाय कसे आहेत विचारलं. "मस्त," वहिनी म्हणाल्या. "काही दुखत नाही." ते खरंच होतं.

त्या आठवड्यात नांदेडच्या घरात वास यायला लागला. आधी वाटलं मोरीचा. मग नागुबाई, जी त्यांच्याकडे धुणंभांडं करते, ती म्हणाली, "बाई, उंदीर मेला जणू कपाटामागं." मग शोध सुरू झाला. दादानं आणि नागुबाईनं कपाट सरकवलं, धान्याच्या कोठ्या सरकवल्या. वहिनी स्वतः झाडू घेऊन कोपरेकापरे झाडत होत्या. त्यांना जरा कणकण होती, पण ती त्यांनी उन्हावर ढकलली. घरात त्या नेहमी कापडी सपाता घालायच्या. काढताना सपाता हाताला ओल्या लागत होत्या, पण आपणच मोरीत पाणी सांडलं असेल, असं त्यांना वाटलं.

दुपारी जेवून त्या पलंगावर आडव्या झाल्या आणि त्यांचा डोळा लागला. दादा उंदराचा पिच्छा सोडायला तयार नव्हता. तो बॅटरी घेऊन पलंगाखाली बघायला गुडघ्यांवर बसला. वाकताना त्याच्या नाकासमोर वहिनींचे पाय आले.

त्यानं मला नंतर फक्त एवढंच सांगितलं, "पमे, तळव्याला कातडी नव्हती गं." आणि बॅटरी कितीतरी वेळ त्याच्या हातात पेटलेली राहिली, असं नागुबाई सांगते.

भार्गवी आणि मी मिळेल त्या गाडीनं नांदेडला पोचलो. दवाखान्यात पोचेपर्यंत वहिनींना ताप भरला होता. उजवा पाय भाजून सोलला होता, पण वाचण्यासारखा होता. डाव्यात विष पोटरीपर्यंत चढलं होतं. डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. त्यांनी आम्हाला खुर्चीवर बसवून समजावलं. झोपेत पाय बधिर होतात त्याची शंभर कारणं असतात, म्हणाले. पायावर पाय पडला, पाठीच्या मणक्यात नस दबली, जीवनसत्त्व कमी पडलं. पण रोज, दोन्ही पाय, आणि अंगात साखर असेल, तर साखर नसा खात असते. आधी मुंग्या, मग आग.

"आणि आग थांबली तेव्हा?" भार्गवीनं विचारलं. तिला उत्तर माहीत होतं. तिचा चेहराच सांगत होता.

"आग होत होती तोवर नसा जिवंत होत्या. तक्रार करायला तरी कोणी होतं. तेही संपलं."

मला एक्स्चेंज आठवलं. तिथं लाइनवर खरखर ऐकू यायची, लोक शिव्या द्यायचे. आणि कधी खरखर एकदम थांबायची, सगळं शांत व्हायचं. नवीन पोरींना वाटायचं लाइन सुधारली. आम्हाला माहीत असायचं, तार तुटली. तीस वर्षं मी ते काम केलं, आणि वहिनींचे पाय शांत झाले तेव्हा मी चहा उतू जाऊ देत आनंदानं रडत होते. मला त्या दिवशी सगळ्यांचा राग आला. देवीचा आला, सवाष्णींच्या पुरणाचा आला, पाया पडणाऱ्या लोकांचा आला. डॉक्टरांचाही आला, आणि त्यांनी तर काहीच केलं नव्हतं.

डावा पाय गुडघ्याखाली कापला.

वहिनी शुद्धीवर आल्या तेव्हा त्यांनी आधी भार्गवीचा हात शोधला. मुलगी बोलायच्या आतच रडायला लागली, "आई, मी वेळ रद्द केली गं, मी पोरांना नसा शिकवते आणि मी…" वहिनींनी तिचं डोकं छातीशी ओढलं. आवाज अगदी बारीक झाला होता, पण सूर वर्गातल्या बाईंचा होता.

"तू कशाला रडतेस? मीच चुकले. देवीनं दिलं की मी मागितलं ते. आग थांबव म्हणाले, तिनं थांबवली. पाय बरे कर, असं मी म्हणालेच नाही."

दादा दाराशी उभा होता. तो बाहेर निघून गेला. मी त्याच्या मागे गेले, तर तो जिन्याच्या कठड्याला धरून उभा होता आणि मला म्हणाला, "मी हात लावला होता गं पायाला. तेव्हा गरम लागला होता. मला वाटलं, उन्हाचा असेल." मी, फटकळ म्हणून नावाजलेली, त्याच्या पाठीवर हात ठेवून गप्प उभी राहिले.

वहिनींना घरी आणलं तेव्हा मी नांदेडलाच राहिले. चालायला शिकवायला एक बाई येते. कृत्रिम पाय बसवता येईल, म्हणतात, पण आधी जखम नीट भरायला हवी आणि उजव्या पायाला जपायला हवं. रोज त्याचा तळवा आरशात बघायचा, पाणी हाताच्या कोपरानं तपासून मग पाय बुडवायचा. हे सगळं आता दादा करतो, न सांगता, आणि कधी कधी गरज नसताना. वहिनी खिडकीत बसून रस्त्यावरून चालत जाणाऱ्या बायका बघतात. विचारलं तर म्हणतात, "काही नाही, कोण कुठं चाललंय ते बघून राहिले." मला ते बघवत नाही. मी आत जाऊन उगाच भांडी आपटते.

परवा दुपारी त्यांना झोप लागावी म्हणून मी पलंगावर पायाशी बसले होते आणि त्यांचा उजवा पाय दाबत होते. बराच वेळ दाबला. त्यांचे डोळे मिटलेले होते, मला वाटलं झोपल्या. पण कपाळावर घाम होता, आणि उशी दोन्ही मुठींत धरलेली.

"वहिनी, काय होतंय?"

"आग," त्या म्हणाल्या.

मी दचकले. आनंदानं दचकले, कबूल करते. उजव्या पायाला जाणीव आली, असं वाटलं मला. मी तळव्यावरून अंगठा फिरवला. "इथं होते का? कळतंय का तुम्हाला?"

त्यांनी डोळे उघडले आणि मी काय धरलंय ते बघितलं. मी कधीपासून तो पाय दाबत होते, हे त्यांना माहीतच नव्हतं.

"त्याला काय कळतंय, वन्सं," त्या म्हणाल्या. "डाव्याची होऊन राहिली. टाचेची. पूर्वी व्हायची, तश्शीच."

डॉक्टरांनी सांगितलं होतं, असं होतं म्हणून. कापलेला पाय दुखतो, मेंदूला पाय गेल्याचं पटत नाही, त्यावर गोळ्या आहेत. ते मला त्या वेळी आठवलंही. पण वहिनी माझ्याकडे बघत होत्या, आणि त्यांना गोळी नको होती.

"जरा इकडं दाबता का?" त्यांनी विचारलं. लाजत विचारलं.

मी उजवा पाय हलकेच खाली ठेवला. डाव्या बाजूला गुडघ्याखालची पट्टी संपत होती आणि पुढे गादीवर चादर सपाट होती. त्या चादरीवर, जिथं टाच आली असती तिथं, मी हात ठेवला आणि दाबायला लागले.

"थोडं खाली," वहिनी म्हणाल्या.

मी हात खाली सरकवला.

"हां. तिथंच," त्या म्हणाल्या, आणि हळूहळू त्यांच्या मुठी सुटल्या.